नाना आणि एकची शिंदखेडा गाडी

धुळ्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारची उपासना चालवायचे नाना, आणि चालवताना त्यांचा एक डोळा कायम मनगटावरच्या घड्याळावर. नव्या माणसाला वाटे, यांना घरी जेवायची घाई झाली आहे. खरं म्हणजे शिंदखेड्याकडच्या खेड्यांतून आमची निम्मी मंडळी यायची आणि त्यांची परतीची एसटी एक वाजता सुटायची. ती चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसा! पाहुणा उपदेशक रंगात आला की नाना मला खूण करत, आणि मी हळूच पेटीचा भाता हलवू लागे. पाहुणे ओशाळत. मग चहा देताना नाना त्यांना समजावत, "देव थांबस, यष्टी थांबस नही."

शनिवारी संध्याकाळी ते सायकलवरून घरोघर फिरत. वचन कोण वाचणार, प्रार्थना कोण करणार, गीतं कोणती, सगळं ठरवूनच घरी जात. "आयत्या वेळी पाहुणा येतो, उपासना नाही," म्हणत. एका रविवारी त्यांनी प्रार्थना सोपवली शेवंताअक्कांवर. अक्का शिंदखेड्याकडच्याच, जन्म शेतमजुरीत गेलेला. त्या घाबरल्याच.

"नाना, माले पुस्तकातलं बोलता येस नही."

"मग घरमातलं बोला. देवले बठ्ठं समजस."

अक्का अहिराणीत बोलल्या. तेव्हापासून त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या की पोरंसुद्धा चुळबूळ थांबवत.

पुढे नानांचा आवाज बसला तो उघडेना. गळ्यात गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन ठरलं. गाठ साधी की वाईट, ते तपासणीनंतर कळणार होतं. स्पष्टच सांगते, त्या दिवसांत माझं देवाशी भांडण चाललं होतं. जगात एवढी तोंडाळ माणसं असताना त्याला नानांचाच गळा सापडावा?

जाण्याआधी नाना खुणा करत घरोघर फिरून पुढच्या उपासनेची कामं वाटून गेले होते. त्या रविवारी सगळं त्यांनी ठरवलं तसंच पार पडत होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. नाशिकहून काहीच निरोप नव्हता. शेवटी अक्का उभ्या राहिल्या. "प्रभू, आमना नानास्नी वाचा राखजो," एवढं म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

तेवढ्यात दार वाजलं. गळ्याला पट्टी, हातात पिशवी, मागे मुलगा. नाना थेट स्टँडवरून आले होते.

"गाठ साधी होती," मुलगा म्हणाला. "फक्त पंधरा दिवस बोलायचं नाही."

मग काय विचारता! कुणी त्यांचे हात धरले, कुणी गळ्यात पडायला निघालं, पाळकसाहेब चष्मा पुसत उभे राहिले. मी तर पेटीवर डोकं टेकून हुंदके देत होते. नाना वाट काढत पुढे आले. त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी हात वर केला. आम्हाला वाटलं, आता आभाराची मूक प्रार्थना. सगळ्यांनी हात जोडले.

नानांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं घड्याळावर टकटक केलं.

एक वाजायला दहा मिनिटं होती. मी डोळे पुसून शेवटचं गीत धरलं. पाळकसाहेबांनी घाईघाईनं आशीर्वाद दिला. अक्कांनी "आमेन" म्हणता म्हणताच पिशवी उचलली, आणि त्यांना गाडी मिळाली.