कुठलं सर

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाच्या माडीवर सरांचा इंग्रजीचा क्लास होता. नवीन मुलगा जिना चढून वर आला आणि म्हणाला, "सर, इंग्रजी शिकायचंय," की सर चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कुठलं?" मुलगा गोंधळे. धोतर मागितल्यावर दुकानदार कुठलं म्हणून विचारतो ते ठीक, पण इंग्रजी म्हणजे इंग्रजी. "तसं नसतंय," सर म्हणत. "हट्ट्याची मराठी येगळी, हिंगोलीची येगळी. मग एवढ्या मोठ्या दुनियेत इंग्रजी एकच काहून राहील? कुठं जायचंय ते सांग आधी." या एका प्रश्नापायी अख्खा फाटा त्यांना 'कुठलं सर' म्हणे. त्यांचं खरं आडनाव मला त्यांच्या घरावरच्या पाटीमुळे कळलं, आणि तेव्हा मी क्लासला येऊन तीन महिने झाले होते.

परदेश तर सोडाच, सर हैदराबादच्या पुढे कधी गेले नव्हते. हैदराबादला गेले तेही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे त्यांनी ते शहर एकाच डोळ्यानं पाहिलेलं. त्यांची सगळी विद्या या फाट्यानं दिलेली होती. खाली दुकानात पंजाबचा ड्रायव्हर थांबे, तेलंगणाचा थांबे, नागपूरकडचा थांबे. टायर सगळ्यांचं सारखंच फुटलेलं असे, पण प्रत्येकजण ते आपापल्या हिंदीत सांगे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून दमलेले सर संध्याकाळी तिथल्या बाकड्यावर बसून हे ऐकत. "शाळेत भाषेला कपडे घालून आणतेत," ते म्हणत, "फाट्यावर ती घरच्यासारखी बसती."

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल आणि नारळ दिला. सरांनी त्याशिवाय कोरी हजेरीपत्रकं मागून घेतली. काय करणार म्हणून कोणी विचारलं नाही, कारण निवृत्त मास्तरानं काय मागितलं याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्या हजेरीपत्रकांत सरांनी एकेका देशाची एकेक तुकडी केली आणि विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी तिथले बोलीतले शब्द लिहिले. परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं गुरुदक्षिणा म्हणून महिन्याला दहा शब्द पाठवायचे. ते स्वतःच्या कानांनी ऐकलेले हवेत, कोण म्हणालं आणि कुठं म्हणालं ते सोबत हवं. दोघांनी साक्ष दिली की त्या शब्दापुढे 'हजर'. पुस्तकातला किंवा मोबाइलवर सापडलेला शब्द कायमचा गैरहजर. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन वर आल्या की म्हणत, "लेकरायची हजेरी सरली, आता शब्दायची घ्यून राहिले."

दर शनिवारी ती हजेरी खरंच घेतली जाई. आम्हा प्रत्येकाला एकेक शब्द वाटून दिलेला होता. सर शब्द पुकारत, ज्याचा असेल त्यानं उठून 'हजर' म्हणायचं आणि तो वापरून एक वाक्य बोलायचं. हट्ट्याच्या बालाजीला दक्षिण आफ्रिकेत जायचं होतं, म्हणून त्याच्याकडे 'जस्ट नाऊ' होता. तिकडे कोणी 'जस्ट नाऊ' येतो म्हणालं की ते तासाभरानं येईल, संध्याकाळी येईल किंवा येणारही नाही. आपण फोनवर "हे काय, येऊनच राहिलो" म्हणतो आणि तेव्हा टॉवेल गुंडाळून आंघोळीला निघालेलो असतो, तसंच. बालाजी स्वतः कधी वेळेवर येत नसे. सर 'जस्ट नाऊ' पुकारत, उत्तर येत नसे, आणि सर समाधानानं म्हणत, "शब्द माणसाला शोभून दिसतोय."

ऑस्ट्रेलियाच्या तुकडीत सगळे शब्द अर्धे कापलेले होते. दुपारचं 'आर्व्हो', न्याहारीचं 'ब्रेकी'. "ऊन लई हाय तिथं," सरांचं स्पष्टीकरण, "पुरा शब्द बोलायची ताकद ऱ्हात न्हाई." अमेरिकेच्या दक्षिणेकडे 'ब्लेस युअर हार्ट' म्हणतात, म्हणजे देव तुझं भलं करो, पण समोरच्यानं मूर्खपणा केल्यावर बहुतेक वेळा हे निघतं. सरांनी ते काकूंना समजावून सांगितलं ही त्यांची चूक झाली. त्यानंतर सरांनी कोथिंबिरीऐवजी मेथी आणली, की काकू पदराला हात पुसत शांतपणे म्हणत, "ब्लेस युअर हार्ट." कळमनुरी तालुक्यात हा शब्द त्यांच्याइतका बराबर कोणी वापरला नसेल.

सरांचे स्वतःचे उच्चार मात्र कोणत्याच देशाचे नव्हते. 'ग्रँड'चं ते 'ग्र्यांड' करत आणि त्यात र इतका घुमे की खालचा टायरवाला वर बघे. एकदा सायकलवरून देश पाहत फिरणारा एक गोरा माणूस फाट्यावर पाणी प्यायला थांबला. सर हजेरीपत्रक काखेत मारून, एका पायात माझी आणि एका पायात स्वतःची चप्पल घालून खाली धावले. आयुष्यात पहिल्यांदा खुद्द तुकडीच दारात आली होती. त्यांनी धापा टाकत विचारलं, "कुठलं?" मग सावरून तेच इंग्रजीत विचारलं. तो जर्मनीचा निघाला, इंग्रजी पुस्तकातून शिकलेला. सरांनी त्याला फाट्यावरची खिचडी आग्रहानं दोनदा खायला लावली, हायवेपर्यंत पोहोचवलं आणि वर येऊन खाली बसत म्हणाले, "माणूस लाखाचा. पण गैरहजर."

मी त्यांच्याकडे आले ते रडकुंडीला येऊन. मी शिरड शहापूरची. नर्सिंग झालं होतं, लेखी परीक्षाही झाली होती, पण आयर्लंडच्या दवाखान्यांच्या मुलाखतीत मी दोनदा नापास झाले होते. त्याआधी नांदेडला एका गारेगार क्लासमध्ये मी पन्नास उत्तरं पाठ केली होती. प्रश्न कोणताही येवो, मी पाठ केलेल्यांपैकी जवळचं उत्तर देई. बापूंनी, माझ्या वडिलांनी, शांतपणे सांगून टाकलं होतं, "तिसऱ्या बारीला झालं तर जा, मी अडवणार न्हाई. न्हाई झालं तर परभणीच्या स्थळाला व्हय म्हणायचं." परभणीचं स्थळ वाईट नव्हतं. पण त्यांनी पाहायला आल्यावर मला एकच प्रश्न विचारला होता, तो भाकरीच्या आकाराबद्दल. मला जायचंच होतं.

सरांनी माझी पन्नास उत्तरं ऐकून घेतली. "पाठ चांगलं हाय," ते म्हणाले. "पण तू कुठं हायेस यात?" मग त्यांनी मला आयर्लंडच्या तुकडीत बसवलं आणि 'ग्रँड' दिला. तिथं पाय मोडलेल्या माणसालाही कसा आहेस विचारलं तर तो 'ग्रँड' म्हणतो, म्हणजे नर्सनं त्यावर विश्वास न ठेवता पाय बघायचा. काम सांगितलेला माणूस ठसक्यात 'आय विल, याह' म्हणाला, की ते काम होणार नाही असं समजायचं. हे ऐकून मी हसले. सर म्हणाले, "काहून हसतीस? आपल्याकडं 'बघू की' म्हणल्यावर आजवर कोणी काही बघितलंय का? आपलीच माणसं हायेत ती. बिनघोर जा."

तिसरी मुलाखत मी सरांच्या माडीवरूनच दिली, कारण आमच्या गावात नेटचा भरवसा नव्हता. सर टेबलापलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसले. एक अक्षर सुचवणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पडद्यावर पिकल्या केसांची एक मेट्रन बाई होती. पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्या प्रश्नाला मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं, ते मध्येच तुटलं आणि डोळ्यांपुढे परभणी दिसायला लागली. बाई मायेनं म्हणाली, "थोडं पाणी पिऊन घेतेस का?" घशाला कोरड पडली होती, पाण्याचा तांब्या हाताशी होता, आणि मी म्हणाले, "नको, नको, थँक यू." आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. लहानपणी एकदा मावशीकडे मी पहिल्या फटक्यात चहाला हो म्हणाले, तर आईनं वाटभर चिमटे काढले होते. बाईनं पुन्हा विचारलं, "नक्की नको?" मी पुन्हा म्हणाले, "नको, खरंच नको." सरांनी कपाळाला हात लावला. बाई पुढे वाकून म्हणाली, "आह, गो ऑन."

तिसरा आग्रह झाला होता, आता मोडता येत नव्हता. मी तांब्या उचलला आणि पार तळापर्यंत रिकामा केला. बाई खळखळून हसली. तिची आईसुद्धा चहा दोनदा नाकारते आणि तिसऱ्यांदा घेते, असं तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं की तुमच्याकडे कोणाच्या घरी दुःख झालं तर तुम्ही काय करता. पन्नास उत्तरांत हे नव्हतं. मी जसं असतं तसं सांगितलं. आम्ही जाऊन बसतो, फार बोलत नाही, दुसऱ्या घरातून पिठलं-भाकरी नेतो, नको म्हणाले तर परत म्हणतो, तिसऱ्यांदा ताटच वाढतो. बोलताना माझं व्याकरण ठिकठिकाणी पडत होतं, पण मी थांबले नाही. तिनं काहीतरी लिहून घेतलं. आठ दिवसांनी पत्र आलं, मी पास झाले होते. सरांनी त्या शनिवारी सगळ्यांत आधी 'ग्र्यांड' पुकारलं आणि मी उठायच्या आत काकूच "हजर" म्हणाल्या.

निघायच्या दिवशी सर फाट्यावर बसजवळ आले. माझ्या हातात त्यांनी हजेरीपत्रकाचं एक कोरं पान दिलं, वर 'आयर्लंड' लिहिलेलं. "म्हैन्याला धा," ते म्हणाले. "आन् बोलायची तकलीफ झाली तर घाबरू नको. ऐकत ऱ्हा नुसती." मी पाया पडले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्याही होतं, पण त्यांनी ते ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर ढकललं. पुढची चार वर्षं मी दर महिन्याला दहा शब्द पाठवत राहिले. त्यातले दोन-तीन ते हमखास गैरहजर ठरवत, कारण साक्षीदार माझीच मैत्रीण असे.

गेल्या हिवाळ्यात बालाजीचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. सर दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी औषधांच्या कपाटापाशी उभी राहून रडले. वॉर्डात बातमी कळली, तसा आमचा वॉर्डबॉय आला, साठीचा आहे, एरवी सतत थट्टा करतो. त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मग सफाईवाली बाई आली, हात धरला, तेच चार शब्द. मग दोन सिस्टर, मग एक डॉक्टर. ते आणखी काही बोलले नाहीत आणि मी काही बोलावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. मृत्यू झालेल्या माणसाच्या घरी तिथं हेच म्हणतात. चार वर्षांत हा शब्द मला कधी ऐकू आला नव्हता, कारण माझं कोणी गेलं नव्हतं.

सवय म्हणजे सवय. कोण म्हणालं, पाच साक्षीदार, सगळं मी सरांच्या नंबरवर पाठवलं, फक्त जागा लिहायची राहिली. अर्थ लिहिला: तुमच्या तकलीफीचं वाईट वाटतं. पाठवल्यावर भानावर आले आणि स्वतःचीच लाज वाटली. तिथं घर सुतकात, आणि मी शब्द पाठवते आहे.

तीन दिवसांनी उत्तर आलं. हजेरीपत्रकाचा फोटो होता. सरांच्या ठळक अक्षरांखाली काकूंच्या वाकड्या, जपून काढलेल्या अक्षरांत 'सारी फार युवर ट्रबल' लिहिलेलं होतं आणि पुढे 'हजर'. खाली काकूंनी विचारलं होतं, "दहा पाठवायचे असतेत, एकच काहून पाठवला? आन् पुढच्या टायमाला असं अर्धं नको पाठवू. आधी सांगत जा, कुठलं."