भापेची कांडी

नागपूरपलीकडे, हिंदी मुलखातल्या आमच्या पांढुर्ण्यात वाफेला भाप म्हणतात. सर्दी झाली की भाप घ्यायची, कुकरची भाप गेली की झाकण काढायचं. त्यामुळे आखातात नोकरी करणारा आतेभाऊ सुट्टीवर आला आणि बोटाएवढी चकचकीत कांडी बाबांच्या हातात ठेवून म्हणाला, "मामाजी, खर्र्याची तलफ आली का याची भाप घ्या, संत्र्याची हाये," तेव्हा बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्मभर मोहगावच्या वावरात संत्री पिकवलेला माणूस. एक झुरका घेऊन म्हणाले, "वास ना आंब्या बहाराच्या संत्र्याचा, ना मृगाच्या. पण भाप बरी हाये."

कांडीची गरज पडली ती माझ्या बहिणीमुळे. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता म्हणून बाळंतपण माहेरी न होता पुण्यातच झालं. तिनं फोनवर बाबांना स्वच्छ सांगितलं, "बाबा, तंबाखूच्या हातानं माझ्या लेकीले शिवाचं नाई. माझा सव्वा महिना होते तवरिक तुमचाबी सव्वा महिना. मंगच तिले घ्या."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला आमच्याकडचा मुखवास. बाबांची त्याच्याशी पन्नास वर्षांची दोस्ती. पण पोरीचा शब्द पडला आणि त्याच दिवशी पुडी बंद झाली. पानठेलेवाल्यानं मला थांबवून विचारलं, "मास्तर, बाबाची तब्येत बरी हाये ना?"

इथे मला एक कबूल करायला हवं. मीही खर्रा खातो. बहिणीच्या हिशेबी मी नोकरी लागली तेव्हाच सोडला, आणि मी तिचा तो समज कधी दुरुस्त केला नाही. शाळेत जाताना लवंग चघळायची, झालं! शिवाय त्या कांडीवर बारीक इंग्रजीत काय लिहिलंय ते मी पहिल्याच आठवड्यात चष्मा लावून वाचलं होतं. निकोटीन. पण म्हटलं, खर्रा तर सुटलाय ना. उगाच बभ्रा झाला तर बहिणीची नजर उद्या माझ्याकडे वळायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

दोघांचा सव्वा महिना भरला आणि जावयांनी नागपूरहून पुण्याची विमानाची तिकिटं पाठवली, जायची आणि आठ दिवसांनी परत यायची. आम्ही दोघंही विमानात पहिल्यांदाच बसणार. आदल्या दिवशी मी मोबाइलवर नियम काढून वाचायला बसलो आणि बाबा समोर सामान मांडून बसले. लायटर, माचिस कुठंच चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात नाही. संत्री तोडायची कात्री त्यांनी आपणहून बाहेर काढली.

"ई-सिगारेट, हातातबी नाई, सामानातबी नाई," मी जरा भरभर वाचलं.

"आपल्या घरात सिगारेट कोन पेते?" बाबा म्हणाले. "समोरचं वाच."

मी समोरचं वाचलं.

सकाळच्या गाडीनं नागपूरला पोहोचलो. तपासणीच्या रांगेत बाबांनी ट्रेमध्ये मोबाइल ठेवला, पट्टा ठेवला आणि बंडीच्या खिशातून कांडी काढून अगदी विश्वासानं शेजारी ठेवली. लपवायचं काही असतं तर लपवली असती! ट्रे यंत्रातून पलीकडे गेला आणि तिथल्या गणवेशातल्या मुलीनं तो बाजूला ओढला.

"दादाजी, ही ई-सिगारेट तुमची?" तिनं हिंदीत विचारलं.

"सिगारेट नाई जी. भाप हाये. संत्र्याची."

ती हसली नाही, ओरडलीही नाही. रांग खोळंबली होती तरी तिनं त्यांना नीट समजावलं. आत बॅटरी असते, ती तापून पेट घेऊ शकते. विमानाच्या पोटात, सामानात ती पेटली तर कुणाला दिसणारही नाही. काही देशांत ती हातातल्या बॅगेत चालते, आपल्याकडे तीही सोय नाही, कारण हिची विक्री, साठा सगळंच कायद्यानं बंद आहे. मग तिनं त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "आणि दादाजी, ही नुसती भाप नाही. यात निकोटीन आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "निकोटीन म्हंजे?"

मी इंग्रजी शिकवतो. तरी तो शब्द मराठीत आणताना मी नजर ट्रेवर ठेवली. "तंबाखूतलंच असते, बाबा. ज्याची सवय लागते ते."

मुलीनं कांडी काढून घेतली, काय ते लिहून घेतलं आणि आम्हाला पुढे सोडलं. बाबांनी मात्र वळून तिला हात जोडले. मी मेल्याहून मेल्यासारखा त्यांच्यामागून चालत राहिलो.

विमान धावू लागलं, पाठ खुर्चीला टेकली आणि नागपूर खाली राहिलं, तेव्हा मी सगळं विसरून लहान मुलासारखा खिडकीला डोकं लावलं. ढगांवर ऊन पडलेलं असतं हे मी वर्गात शिकवलंय. पाहिलं त्या दिवशी. बाबाही बघत होते. म्हणाले, "येवढं लोखंड वरतं धरून ठेवते हे लोक. अन् बोटायेवढ्या कांडीले भेते."

मग मान हलवून म्हणाले, "बरोबर हाये. आग दिसली तं विझवता येते."

पुण्यात बहीण दारातच उभी होती. तिनं आरती ओवाळली, पाया पडली आणि गुलाबी दुपट्यातली पोर त्यांच्यापुढे धरली. "घ्या बाबा. जिंकले तुम्ही शर्त."

खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच. अकरा वर्षं ज्या पोरीची वाट पाहिली ती हातभर अंतरावर जांभई देत होती. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाई बाई," ते म्हणाले. "माह्या भापेत तंबाखू होता. मले मालूम नव्हतं. माहा सव्वा महिना आजपासून."

बहिणीनं विनवलं, जावयांनी विनवलं. नकळत झालं ते धरायचं नसतं, असंही सांगून पाहिलं. बाबा हसून मान हलवत राहिले. आठ दिवस ते पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसले. तलफ येऊन घाम फुटायचा, रात्री उठून फेऱ्या मारायचे. पोर रडली की पाळण्याची दोरी ओढायचे, गाणी म्हणायचे, तिच्याशी आमच्या बोलीत गप्पा मारायचे. हात मात्र लावला नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसात एवढं बळ असतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ढगांवरचं ऊन पाहून थक्क झालो होतो, त्याहून जास्त मी त्या खुर्चीकडे पाहून झालो.

आणि मी? मी पहिल्याच दिवशी भाचीला छातीशी धरलं होतं. रोज धरत होतो. खर्र्याची पुडी खिशात टाकून कोपऱ्यावर फिरून यायचो, लवंग चघळायचो, हात धुवायचो आणि तिला घ्यायचो. बाबांना पत्ता होता की नाही, देव जाणे. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

निघायच्या सकाळी बहिणीनं पुन्हा पोर पुढे केली. बाबा म्हणाले, "सव्वा महिन्यानं येतो. तिकीट काढून ठेव."

तिनं डोळे पुसले आणि सवयीनं पोर माझ्यापुढे धरली. "तू तरी घे रे जाता जाता."

माझे हात पुढे आलेच होते. ते मी पाठीमागे नेले.

"आता तुले काय झालं?" ती म्हणाली.

"दोन तिकिटं काढ," मी म्हणालो. "माहाबी आजपासून."