ताश्कंदला न घेतलेला घास

गेली चार वर्षं सुट्टी लागली की मी कुठेही जायचे, फक्त वसईला नाही. पप्पा गेले तेव्हा कोविडमुळे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. चर्चमधली त्यांची शेवटची मिस्सा मी सिडनीत, गिरावीनच्या घरात बसून फोनवर बघितली. पुढे विमानं सुरू झाली, पण पप्पांशिवायचं ते घर बघायची माझी हिंमत होईना. मग जपान झालं, तुर्कस्तान झालं. आई आधी दर रविवारी विचारायची, "कधी येतेस?" मी म्हणायचे, "बघू." नंतर तिने विचारणंच सोडलं आणि मला हायसं वाटलं, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

यंदा नवऱ्याने ताश्कंद काढलं. तिथलं मेट्रो स्टेशन संगमरवरी, वर झुंबरं. "आपलं सिडनीचं कॅसल हिल स्टेशन म्हणजे याच्यापुढे कारपार्क!" तो म्हणाला. बाहेर काचेच्या इमारती, आणि फोनवरून टॅक्सी बोलावली की दहा मिनिटांत जुना मोहल्ला, द्राक्षांच्या मांडवामागची आमची खोली. घरमालकीण साठीची. तिच्याशी बोलणं फोनवरच्या भाषांतरावर चालायचं.

तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक वाळलेला नोन टांगलेला होता. नोन म्हणजे तंदूरमधली जाड, गोल रोटी. त्याच्या कडेचा एक घास तोडलेला. तिचा मुलगा कोरियाला कामाला निघाला तेव्हा त्याने तो चावला होता. उरलेला त्याने परत येऊन खायचा, असा तिथला रिवाज.

"आणि नाही आला तर?" नवऱ्याने विचारलं. कुठे काय विचारावं याचा त्याला पत्ता नसतो.

"येईल की. त्याचं खाणं राहिलंय इथे," ती म्हणाली आणि नोनवरची धूळ पुसायला लागली.

निघायच्या सकाळी तिने आमच्यापुढेही ताजा नोन धरला. नवऱ्याने "नो वरीज" म्हणत भला मोठा लचका तोडला. मी हात मागे घेतला.

"अगं, घे ना. रूड दिसतं," तो पुटपुटला.

"नाही घेणार. जिथे जायला हवं तिथे गेले नाही, आणि इथे परत यायचं वचन देऊ?"

मग घरमालकिणीसाठी फोनवर लिहिलं, 'आईकडे चार वर्षं गेले नाही. आधी तिथे जाते.' तिने ते दोनदा वाचलं. आत गेली आणि एक अख्खा नोन कागदात गुंडाळून घेऊन आली, आईसाठी.

"माझं तिकीट बदल," मी नवऱ्याला सांगितलं.

"आर यू शुअर? मंडेला तुझं ऑफिस आहे."

"तू जा सिडनीला. मी वसईला चालले."

टॅक्सीत बसल्याबसल्या आईला फोन लावला. "आई, मी येतेय. परवा."

ती म्हणाली, "ये गं बाय, पप्पांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. तू आलीस की उघडायचं म्हणून ठेवलंय."

"परवा उघडू," मी म्हटलं.