दिव्याखालचे ठिपके

पीएचडीच्या चौथ्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, मला माझ्याच कामाची भीती वाटायला लागली.

अंधेरीतल्या एका प्रयोगशाळेत मी पेशीच्या आवरणावर काम करत होते. खऱ्या पेशी नव्हेत, पाण्यात बनवलेले सूक्ष्म फुगे. त्यांचं आवरण तीन गोष्टींचं: सरळ शेपटीचे चरबीचे रेणू, वाकड्या शेपटीचे रेणू आणि कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉलचं सरळ शेपटीवाल्यांशी जमतं. ते दोघं दाटीने एकत्र येतात आणि आवरणात त्यांची वेगळी बेटं होतात. मी घातलेला लाल रंग त्या दाटीत शिरत नसे, म्हणून मायक्रोस्कोपखाली लाल फुग्यावर काळे गोल ठिपके दिसत. कोलेस्टेरॉल किती असलं की ठिपके येतात आणि किती झालं की जातात, एवढाच माझा प्रबंध. त्यावरचा पेपर मी आणि माझ्या गाइड मॅडमनी नुकताच एका जर्नलला पाठवला होता.

एरवी नमुना ठेवला की दिवा लावून मी मिनिटभर तरी फोकस शोधत बसायचे. त्या दिवशी फोकस आधीच लागलेला होता. दिवा लावला तर समोर गुळगुळीत फुगा. एकही ठिपका नाही. बाटली चुकली की काय म्हणून लेबल वाचलं, परत डोळे लावले, तर ठिपके हजर.

मी नमुना जरासा सरकवला. नवा फुगा, पुन्हा गुळगुळीत. मनात आकडे मोजायला लागले. पंचविसाला पहिला ठिपका उमटला. चाळिसाला सहा झाले.

म्हणजे ठिपके दिव्यामुळे येत होते. तेल खवट होतं तशी वाकड्या शेपटीची चरबी त्या झगझगीत उजेडात, रंगाच्या संगतीने, खराब होते आणि मग नसलेली बेटं दिसायला लागतात. हे मी पूर्वी वाचलं होतं. आपल्याला काय त्याचं, म्हणून पान उलटलं होतं.

दिवा बंद करून मी त्या काळोख्या खोलीत बसून राहिले. चार वर्षं, शेकडो फोटो, मॅडमचं नाव. जर्नलला कळलं तर? कोणी मुद्दाम केलं म्हणालं तर?

मी कोणाला सांगितलं नाही. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "परिषदेच्या पोस्टरसाठी दोन चांगले फोटो दे गं." आणि मी दिले. त्या दोन फोटोंची मला आजही लाज वाटते.

विक्रोळीला घरी जाताना बसमध्ये मोबाइल वाजला की जर्नलचाच मेल असणार असं वाटून मी तो न बघताच बॅगेत टाकायचे. जेवण जात नव्हतं. आमचं घर मूळचं मालवणकडचं. आई अजून माझ्याशी तसंच बोलते. पुढच्या मंगळवारी रात्री तिने विचारलंच.

"काय झालां गो तुका? दोन दिस ताट तसाच परत जाता."

"काय नाय."

"काय नाय कसा? माका सांग."

मी सांगितलं, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू मुद्दाम केलंस?"

"नाय गो. माका कळूकच नाय."

"मग आता कळला ना? आता गप ऱ्हवलंस, तर ता मुद्दामच झाला."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दाराशी मी दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांनीच आत बोलावलं. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती दिवस माहीत आहे तुला?"

"आठ."

"आठ दिवस. आणि मधे मला फोटो दिलेस."

"हो, मॅडम."

त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं मला झालं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चल. दाखव."

अंधारात त्या मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या आणि स्वतःच मोठ्याने आकडे मोजू लागल्या. सव्वीसला थांबल्या. पुढचा आकडा आलाच नाही.

त्याच दुपारी त्यांनी जर्नलला पत्र लिहिलं, पेपर मागे घेत आहोत म्हणून. चूक कोणाची, यावर एक शब्द नाही. "आमच्या मोजणीत" एवढंच. पाठवण्याआधी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी मान हलवली.

पुढचे महिने आम्ही सगळं नव्याने केलं. रंग कमी, दिवा मंद, फोटो पहिल्या क्षणाचाच. अकरा मिश्रणांपैकी चारांत ठिपके दिवा लागताक्षणी दिसले. ती बेटं खरी होती. उरलेल्या सातांतली माझ्या दिव्याने केलेली. प्रबंध वर्षभर उशिरा आणि बराच बारीक होऊन सादर झाला.

मॅडमनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस, मी फोटो दाखवला की त्या आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग फोटोकडे. ते बघणं मला जर्नलच्या कुठल्याही पत्रापेक्षा भारी पडलं.