ज्याचं सोंग, त्याला विचारून

सोमवार, ११ ऑगस्ट १९९७. शहापूरहून सकाळच्या एसटीने डोळखांबला उतरलो आणि पाड्यावरच्या शाळेत पायी पोहोचलो. भाताची लावणी उरकली होती. शाळा दोन खोल्यांची, मुलं सत्तावीस. मुख्याध्यापिका विमलबाईंनी माझा रुजू अहवाल घेतला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पहिली-दुसरी तुमची." ही आमची पहिली भेट. त्याच वर्षी मे महिन्यात माझी पत्नी वारली होती. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बाईंच्या शिकवण्याचं नाव मुरबाडपर्यंत पोहोचलं होतं. त्या लहान मुलांना नाटक शिकवत, पण पुस्तकातलं नाही. मुलं पाड्यावर फिरून कोण काय काम करतं ते बघत आणि शनिवारी शाळेच्या ओट्यावर करून दाखवत. नियम असा, की ज्याचं सोंग घ्यायचं त्याला आधी विचारायचं, शनिवारी समोर बसवायचं आणि शेवटी "काय चुकलं?" हे त्यालाच विचारायचं.

एकदा एक मुलगी पाड्यावरच्या कमळीआजींचं सोंग करत होती. आजी मध्येच उठल्या. "अगो, भाकरी थापतेस का माशा मारतेस? सर तिकडं!" असं म्हणून त्यांनी चिखलाची भाकरी थापून दाखवली. शाळेच्या दारापर्यंतही कधी न आलेल्या आजी पुढे दर शनिवारी येऊ लागल्या. बाई म्हणत, "नक्कल जमली म्हणजे पोराने माणूस नीट बघितला."

मला मात्र वर्गात उभं राहणं जमत नव्हतं. दिवाळीनंतर मी बदलीचा अर्ज लिहून बाईंपुढे ठेवला. गाव सोडून कुठेतरी लांब जावं, एवढंच डोक्यात होतं. बाईंनी तो वाचला. "सोमवारी पाठवू," म्हणाल्या.

त्याच आठवड्यात दुसरीतली सुमन माझ्याकडे आली. "गुरुजी, तुमचं सोंग घेऊ?"

"घे," म्हणालो. छडी, हजेरी, असंच काही असेल असं वाटलं.

शनिवारी सुमन खुर्चीत बसली ती फळ्याकडे तोंड आणि मुलांकडे पाठ करून. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, माझं गणित झालं." सुमन वळली नाही. "हं." दुसरा ओरडला, "गुरुजी, यानं मला चिमटा काढला!" पुन्हा नुसतं "हं."

"ह्यो गुरुजी हाय का खांब?" कमळीआजी म्हणाल्या. लोक हसले. मग माझ्याकडे बघू लागले.

बाईंनी विचारलं, "गुरुजी, काय चुकलं?"

त्या मला यातून सोडवतील असं वाटलं होतं. त्यांनी सोडवलं नाही. नियम सगळ्यांना सारखा होता.

मी म्हणालो, "काही चुकलं नाही. मी असाच वागतो."

सुमन खुर्चीवरून उतरली. "मग कसं पायजे ते तुमी दाखवा ना."

मी खुर्ची फिरवली आणि मुलांकडे तोंड करून बसलो. चिमट्याची तक्रार करणारा पुढे आला. "कुठे काढला?" मी विचारलं. त्याने एक हात दाखवला, मग दुसरा, मग सदरा वर करून पोट. चिमटा कुठेच नव्हता. मला हसू आलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

सोमवारी बाईंनी अर्ज माझ्या हाती दिला. "तुमचं तुम्ही ठरवा." मी तो पाठवला नाही. आज नऊ वर्षं झाली, त्याच शाळेत आहे.

पुढे कधीतरी मी विचारलं, "सुमनला तुम्ही सांगितलं होतं का?" बाई रागावल्या. "मी सांगितलं असतं तर ते सोंग खोटं झालं असतं. पोरं तुम्हाला तीन महिने बघत होती, गुरुजी."

बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्याकडून ही रीत उचललेले शिक्षक शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ठिकठिकाणी भेटतात. बाईंचे डोळे आणि पाय शाबूत राहोत, त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो, आणि शनिवारी कुठल्यातरी ओट्यासमोर त्यांची जागा राखलेली असो.

परवा बाईंच्या साठीचा सत्कार आहे, त्यात मी चार शब्द बोलावेत असं ठरलं आहे. सभेत मी कधी बोललेलो नाही, तरी हो म्हटलं. आता सदरा धुऊन दोरीवर टाकतो.