दोन जागा रिकाम्या सोडलेली गाडी

सरस्वतीपुरमच्या गुरुरावांनी मंडी मोहल्ल्यातलं शिंपीकामाचं दुकान आवरलं, पण कातर घरी आणली. ओळखीपाळखीचे कपडे ते अजून बेतायचे, आणि उरलेल्या वेळात मुलाच्या, सुदीपच्या, कम्प्युटरवर लढाया खेळायचे. हसू नका, चांगले खेळायचे. बायको गेल्यावर बाप-लेकाचं बोलणं आटलं होतं, ते या खेळामुळं पुन्हा सुरू झालं.

खेळाच्या पहिल्या भागात सैन्य तयार मिळे. दुसऱ्या भागात मात्र आपली युनिटं आपणच जुळवायची सोय आली. सांगाडा निवडा, चाकं की पाय ते ठरवा, तोफ बसवा, चिलखत चढवा. सुदीपनं एका बैठकीत फौज उभी केली. गुरुरावांनी एकाच गाडीवर महिना घालवला. तोफ नाही, काही नाही. सैन्याच्या मागून चालत मोडलेली युनिटं दुरुस्त करणारी गाडी. वर तिच्यावर भाग बसवायच्या दोन जागा रिकाम्याच.

खेळात आराखडे मोजकेच ठेवता येत, आणि खातं दोघांचं एकच. ऑफिसातल्या मित्रांशी सामना ठरला, तेव्हा सुदीपला नवी तोफगाडी घुसवायची होती. अप्पांची गाडी त्याला अर्धवट वाटली आणि त्यानं ती पुसून टाकली. शिंप्याच्या पोराला एवढं कळू नये? त्याची शाळेची चड्डी दर जूनमध्ये उसवून याच अप्पांनी वाढवली होती. पुढं लागेल म्हणून जागा सोडल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही बेतलं नव्हतं.

"सुदीपा, माझी गाडी कुठं रे? दिसेना," त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मला काय माहीत, अप्पा? तुमचाच हात लागला असेल कुठंतरी," सुदीप बोलून गेला.

गुरुराव आपल्या हाताकडे बघत राहिले. "अय्यो, असेल कणो. वय झालं," ते आपल्या कानडी वळणानं म्हणाले.

त्यानंतर ते खेळायला बसले नाहीत. गॅस बंद केला का, हे पुन्हा पुन्हा जाऊन बघू लागले. सुदीपला घास गोड लागेना. खरं सांगायला तोंड उघडायचा आणि आणखी भाजी वाढून घ्यायचा. स्वतःची लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं. "अप्पा, गाडी मी पुसली. तुमचा हात नव्हता. मी खोटं बोललो."

गुरुरावांचा चेहरा उजळला. "खरंच? माझ्या हातून नाही गेली? मला वाटलं, आपण काय करतो तेच आता आपल्याला समजेना. बिडो, सोड. गाडी काय, परत करू."

चार शिव्या दिल्या असत्या तर सुदीपला बरं वाटलं असतं. तो घाईघाईनं कम्प्युटर लावायला उठला.

"थांब, आधी समोरच्या भाग्याचा ब्लाउज बेततो. उगाच परत पाठवलं तिला." गुरुराव तरातरा कपाटापाशी गेले, खण ओढला आणि तिथंच थांबले. "अरे, कातर मी वेंकटेशला देऊन टाकली की. गल्लीच्या टोकाला शिंपीकामाचं दुकान टाकलंय ना त्यानं. म्हटलं, या हातानं कुणाचं कापड नासायला नको."

"मी आणतो मागून, आत्ता जातो," सुदीप म्हणाला.

"दिलेली वस्तू मागायची नाही रे," गुरुराव म्हणाले, आणि रिकामा खण हळूच लोटून कम्प्युटरपाशी, सुदीपच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.