बोल्टवरची पांढरी खूण

त्या बोल्टवरची पांढरी रेघ मी ओढली होती. एवढंसं वाक्य तोंडातून निघेपर्यंत दिवाळी येऊन गेली.

मानकोलीच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या भागीदाराचं. जागा माझ्या वडिलांची, हत्यारं त्याची. तो भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला, मी इथला आगरी. मी त्याला भाई म्हणतो, तो मला दादा. गॅरेज उघडलं तेव्हाच आम्ही एक रीत पाडली. ज्याने बोल्ट शेवटचा आवळला, त्याने त्यावर रंगाच्या पेनाने रेघ ओढायची. माझी पिवळी, त्याची पांढरी. रेघ असलेल्या बोल्टला दुसऱ्याने न विचारता पाना लावायचा नाही.

गाडी माझ्या मेहुण्याची होती, खारबावची. भाईने तिला नवा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवला. टर्बोला तेल नेणारा पाइप करंगळीपेक्षाही बारीक असतो. त्याच्या टोकाला पोकळ बोल्ट, बोल्टाच्या पोटात बारीक भोक, आणि दोन्ही अंगाला तांब्याच्या चकत्या. या भोकातून तेल गेलं नाही तर टर्बोचा दांडा कोरडाच फिरतो आणि जळतो. म्हणून भाई पाइप जोडण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वतः तेल ओतायचा. मग पाइप जोडून, इंजिन चालू न करता मला नुसता सेल्फ मारायला लावायचा आणि परतीच्या पाइपातून तेल पडताना डोळ्यांनी बघायचा. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारीही त्याने हे सगळं केलं, रेघ ओढली, हात धुतले आणि नमाजला गेला.

तेवढ्यात मेहुणा आला. "भावजी, चला लवकर! संध्याकालची हलद हाय. नवऱ्याला काय टेम्पोत बसवू?"

मी गाडी चालू केली. वाकून बघतो तर टर्बोवरच्या बोल्टाखाली तेलाचा ओघळ. गळतंय, असं मी ठरवूनच टाकलं. भाईने ओतलेल्या तेलातलं थोडं बाहेर सांडलं असेल, फडक्याने पुसून परत बघावं, हे सुचलं नाही. मेहुणा डोक्यावर उभा होता. मी बोल्ट सोडवला. एकदा दबलेल्या चकत्या परत नीट बसत नाहीत आणि नव्या आणायच्या तर धामणकर नाक्याच्या गर्दीत जायचं. मी त्याच चकत्यांना गळती बुजवणारी गॅस्केटची पेस्ट फासली. तेलाच्या पाइपला पेस्ट लावायची नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. परत आवळताना जुनी रेघ पुसली गेली. माझं पिवळं पेन वाळलं होतं. भाईचं पांढरं पेन समोर पडलं होतं. मी ते उचललं आणि रेघ ओढली. मनात काही काळं नव्हतं, घाई होती. पण भाई परत आल्यावर मी त्याला काही सांगितलंही नाही.

काही आठवड्यांनी तीच गाडी दोरीने ओढून आणावी लागली. टर्बो जाम. भाईने बोल्ट उघडला. भोकात पेस्टचा घट्ट झालेला तुकडा अडकला होता. उजेडासाठी बॅटरी मी धरली होती.

"पेस्ट?" तो म्हणाला. "मी पेस्ट लावली?"

मग त्याने बोल्ट फिरवून वरची पांढरी रेघ बघितली आणि अंगठ्याने घासून पाहिली.

मेहुणा म्हणाला, "भाय, डोले तपासून घ्या. उद्या इंजिनात तेल म्हणून डिंक ओताल!"

भाई हसला. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर भाई आपलेच बोल्ट परत उघडायला लागला. आवळायचा, रेघ ओढायचा, चार पावलं जायचा आणि वळायचा. पान्याचा तो आवाज आला की मी उगाच रस्त्यावर जाऊन गोदामांकडे वळणारे कंटेनर बघत उभा राहायचो. आज सांगू म्हणून घरून निघायचो, आणि चहा झाल्यावर सांगू, गिऱ्हाईक गेल्यावर सांगू, असं करत शटर ओढायची वेळ यायची. भाई डोळे तपासून आला. "डोळे ठीक आहेत म्हणतो डॉक्टर," तो म्हणाला. "मग डोकंच जायला लागलंय, दादा." त्याचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्या घरचा रस्ता विसरायचे. हे मला माहीत होतं. तरी मी पुढच्या गाडीचं बोनेट उघडायला गेलो.

दिवाळीनंतर आणखी एका गाडीचा टर्बो आला. भाईने पाइप जोडला. मी सेल्फ मारला.

"पडतंय का तेल?" खाली वाकलेल्या भाईने विचारलं.

"पडतंय, भाई," मी सीटवरूनच म्हणालो.

"तू उतर. तू बघ. मला पडल्यासारखं वाटतंय, पण तू बघ."

मी उतरलो. तेलाची चांगली धार लागली होती. त्याने बोल्ट शेवटचा आवळला आणि पांढरं पेन माझ्या हातात दिलं. "आजपासून रेघ तूच मार. भाचा गोदामात वॉचमनचं काम बघतोय माझ्यासाठी. तिथं निदान कुणाचं इंजिन तरी जळणार नाही."

पेन हातात आलं आणि मला पुढे थांबता आलं नाही. ओघळ, चकत्या, पेस्ट, वाळलेलं पेन, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग स्टुलावर बसला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"घरी बायकोला सांगून ठेवलंय मी, बाहेर पडलो की लक्ष ठेव म्हणून." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आणि तू बॅटरी धरून उभा होतास."

त्याने माझ्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं. "मला काय सांगतोस? ज्याच्यासमोर हसलास त्याला सांग."

मी मेहुण्याला फोन लावला आणि भाईला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"बोला भावजी! भायला चष्मा लागला का न्हाय?"

"तुझा टर्बो मी जाळला," मी म्हणालो. "भाईने काम चोख केलं होतं. त्याच्या मागे बोल्ट मी उघडला, पेस्ट मी लावली, त्याची रेघ मी ओढली. आणि तू त्याला बोललास तेव्हा मी हसलो. भाई इथं समोर बसलाय. भाई, माझं चुकलं. मला माफ कर."